पेटीवरचे गाव

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून दक्षिणेला निघालेला रस्ता पावस मागे टाकतो आणि पूर्णगडला मुचकुंदी नदीच्या मुखाशी येऊन पोहोचतो. टेकडीवर एक लहानसा किल्ला, खाली खाडी, पलीकडे गावखडीचा किनारा आणि पाठीमागे जांभ्या कातळावर उभ्या असलेल्या हापूसच्या बागा. महाराष्ट्रातील लहान बंदरांच्या यादीत पूर्णगडचे नाव आजही आहे. घाटरस्ते झाले नव्हते त्या काळी कोकण किनाऱ्यावरचा माल गलबतांतून मुंबईला जाई. आता आंब्याची पेटी संध्याकाळी ट्रकमध्ये चढते आणि सूर्य वर येण्यापूर्वी वाशीच्या बाजारात उतरते. प्रवास सोपा झाला. मात्र त्या प्रवासात एक वस्तू नेहमी हरवते, आणि ती म्हणजे गावाचे नाव.

पूर्णगड, पावस, गोळप या पट्ट्यातील बागायतदार पेटी भरतो तेव्हा तिच्यावर आपला मार्का घालतो. कोणाची आद्याक्षरे असतात, कोणाचे आडनाव, कोणाच्या कुलदैवताचे नाव. वाशीतला अडत्या तो मार्का दुरून ओळखतो. या पेटीत वरच्या थरासारखाच खालचा थर निघेल, की खाली बारीक फळ सारलेले असेल, हे त्याला अनेक हंगामांच्या अनुभवाने ठाऊक असते आणि भावही बव्हंशी त्यावरूनच ठरतो. बागायतदार आणि अडत्या यांच्यातील संवाद असा मोजक्या अक्षरांत, पण पक्का चालतो. पेटी दुसऱ्या हाती गेली की मार्का मागे पडतो आणि केवळ ‘रत्नागिरी’ एवढेच उरते. तिसऱ्या हाती, म्हणजे सांगलीच्या, पुण्याच्या वा नाशिकच्या दुकानात, तो ‘हापूस’ होतो. ग्राहक विचारतो, “अस्सल आहे ना?” आणि दुकानदार उत्तरतो, “शंभर टक्के!” जगातील एका उत्तम फळाविषयी विकणारा आणि घेणारा यांच्यात एवढेच बोलणे होते, आणि या बोलण्यात माहितीचा एक कणही नसतो.

भावाचेही असेच होते. मुंबईचा फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला हलला, तेव्हा जुन्या रीतीही सोबत गेल्या. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत त्यांपैकीच एक. राज्याचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा असून त्याचा सारा रोख उघड लिलावावर आहे. परंतु रुमाल सहजासहजी बाजूला झाला नाही. घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोन हातांना किंमत कळे, आणि ज्याचा माल, तो पूर्णगडला बसून पट्टीची वाट पाही. पट्टीवर आलेला आकडा, त्यातून वजा झालेली अडत, हमाली, वाहतूक एवढेच त्याला दिसे. आपला आंबा कोणी खाल्ला, आवडला की नाही, पुन्हा मागितला की नाही, यांतले काहीच त्या कागदावर नसे. राज्य शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली. तरीही संवादाची सवय कायद्याने लागत नाही. ती दोन्ही बाजूंनी लावून घ्यावी लागते.

व्यापारात ‘मार्केटिंग’ म्हटले की प्रथम जाहिरात डोळ्यांपुढे येते. चौकातला फलक, वर्तमानपत्रातले पान, हल्ली भ्रमणध्वनीवरची चित्रफीत. पण हापूसला जाहिरातीची उणीव कधीच नव्हती. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमे बांधली, त्यांच्या अफोन्सो द आल्बुकर्क या सेनानीच्या नावावरून फळाला नाव पडले आणि कोकणी-मराठी जिभेने त्याचे आधी ‘आफूस’, मग ‘हापूस’ केले. तेव्हापासून या फळाची कीर्ती वाढतच आली आहे. नाव कोणाला ठाऊक नसणे हे व्यापाऱ्याचे एक दुखणे असते. नाव सर्वांना ठाऊक असणे, आणि म्हणून ते कोणीही वापरणे, हे दुसरे. कोकणच्या आंब्याला हे दुसरे दुखणे जडले आहे, आणि त्यावर अधिक जाहिरात हा उपाय नाही. जाहिरात जितकी वाढेल तितके उसने नाव लावणाऱ्याचेच फावते.

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कर्नाटकातील हापूस महाराष्ट्राच्या बाजारपेठांत येतो. धारवाडपासून रामनगरपर्यंत त्याच्या बागा आहेत. जात तीच, रूपही बरेचसे तेच. साल, गंध आणि गराचा पोत यांतला फरक जाणकारालाच कळतो. त्या फळात काही पाप नाही. कर्नाटकचा शेतकरीही घाम गाळूनच आंबा पिकवतो आणि त्याचा माल स्वस्त असल्यामुळे ज्या घराला रत्नागिरीची पेटी परवडत नाही तेथेही हापूस पोहोचतो. खोट असते ती पेटीत. तो आंबा ‘रत्नागिरी’ किंवा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात भरला जातो आणि दर त्या छापाचा लागतो. सावध ग्राहकांनी तर पेटीत घातलेल्या रद्दीची लिपी पाहण्याची युक्ती काढली: कागद कानडी निघाला तर आंबाही तिकडचा. बनावट करणाऱ्यांनी मराठी रद्दी वापरायला किती वेळ लागणार? फळाची ओळख रद्दीवरून पटवावी लागावी, यापरते त्या व्यापारातील संवादाचे अपयश दुसरे नाही.

या मासिकाच्या वाचकांना येथे एका जुन्या शब्दाची आठवण होईल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रेरणा देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे हे तीन, खोटी मापे वापरणे हा चौथा, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे किंवा अस्सल म्हणून तो विकणे. सूत्रकारांनी याची गणना असत्याच्या अतिचारांत केली नाही, चोरीच्या अतिचारांत केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पेटीवरचे खोटे नाव हे केवळ खोटे बोलणे ठरत नाही; त्यात कोणाचे तरी काही घेतले जाते. ग्राहकाचे पैसे घेतले जातात हे उघड आहे. पूर्णगडच्या बागायतदाराने कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून, पिढ्यान्‌पिढ्या कलमे राखून जे नाव मिळवले, तेही घेतले जाते. हा दुसरा हिशेब पट्टीवर कधीच येत नाही.

कायद्याने आता या नावाला कुंपण घातले आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासूनचा. त्याखाली ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंबा त्यात येतो. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि उत्पादकांच्या संस्था यांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. परंतु मानांकन मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी केल्यावरही ती गोष्ट ग्राहकापर्यंत पोहोचवावी लागते. उत्पादकांनी क्यूआर कोडचे स्टिकर आणले. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा, काढून दुसऱ्या फळावर लावता न येणारा स्टिकर लावण्याची योजना केली आणि बागेतील झाडांच्या प्रमाणातच तो देण्याचे ठरवले. हा शेवटचा नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो. स्टिकर हवे तितके मिळू लागले तर तेही रिकाम्या खोक्यांसारखेच विकले जातील.

नाव सामायिक असते तेव्हा एकाच्या हयगयीची झळ सर्वांना लागते. २०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळली. परिणामी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर, आणि त्यासोबत कारली, पडवळ, वांगी व अळूवर बंदी घातली. हंगाम ऐन भरात होता. ज्यांनी स्वच्छ माल पाठवला होता त्यांचीही दारे बंद झाली, कारण तिकडच्या अधिकाऱ्याला बाग दिसत नव्हती, ‘भारतीय आंबा’ एवढेच दिसत होते. बंदी उठली ती २०१५ च्या आरंभी, निर्यातीपूर्वीची प्रक्रिया आणि तपासणी काटेकोर झाल्याचे कागदोपत्री पटवून दिल्यावर. कोणती खेप कोणत्या बागेतून आली आणि तिच्यावर काय प्रक्रिया झाली, हे दाखवता येणे म्हणजेच त्या बाजारात बोलता येणे.

गावाचे नाव वाटेत हरवू न देण्याचा एक मोठा प्रयत्न दूर दक्षिण अमेरिकेत झाला. कोलंबियाच्या डोंगरांतील कॉफी अमेरिकेत जाई आणि तेथील कंपन्या ती इतर देशांच्या कॉफीत मिसळून आपल्या नावाने विकत. पिणाऱ्याला कोलंबिया ठाऊकही नसे. तेथील कॉफी उत्पादकांचा महासंघ १९२७ चा. त्याने १९५९ मध्ये हुआन वाल्देझ नावाचा एक काल्पनिक शेतकरी जाहिरातीत उभा केला: डोक्यावर टोपी, शेजारी खेचर. तो शेतकरी सांगे काय? झाडे किती उंचीवर वाढतात, फळ हाताने एकेक वेचून कसे काढतात, एवढेच. चव अप्रतिम आहे असे ओरडण्यापेक्षा कष्टाची रीत दाखवण्यावर भर होता. पुढे ज्या कंपन्या निव्वळ कोलंबियाची कॉफी विकत त्यांना हे चिन्ह आपल्या डब्यावर छापता येऊ लागले, आणि मग दुकानदारालाच ते चिन्ह हवेसे वाटू लागले. या गोष्टीतील खरा व्यापारी धडा तेथे आहे. उत्पादकाने मधल्या माणसाला वगळले नाही. खरे नाव पुढे नेण्यात त्याचाही लाभ ठेवला.

मधला माणूस हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार अडखळले तेव्हा कोकणातील अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला. पणन मंडळाने साहाय्य केले, एसटीच्या मालवाहतुकीतूनही पेट्या आल्या. कित्येक घरांत त्या वर्षी प्रथमच आंब्यासोबत गावाचे नाव पोहोचले. पण पुढील हंगामांत ‘थेट बागेतून’ हे शब्द प्रत्येक हातगाडीवर लटकू लागले आणि त्यांचेही ‘शंभर टक्के’ झाले. शिवाय तोड चालू असताना झेला हातात धरलेल्या बागायतदाराने चौथ्या मजल्यावरच्या ग्राहकाच्या तक्रारी ऐकाव्यात, ही अपेक्षाही फारशी टिकणारी नाही. निवड करणे, अढी लावणे, उधारी सांभाळणे, खराब फळ बदलून देणे हे दुकानदाराचेच काम आहे आणि त्याची किंमत त्याने अवश्य घ्यावी. मात्र जो दुकानदार गावाचे नाव पुढे देत नाही आणि ग्राहकाचे म्हणणे मागे देत नाही, त्याने नेमके कशाचे पैसे घेतले, हा प्रश्न ग्राहक आज ना उद्या विचारणारच. भ्रमणध्वनी त्याच्याही हातात आहे.

मग सांगायचे काय? हापूसच्या बाबतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे गैरसोयीचे आहे. पहिली गोष्ट साक्याची. वरून निर्दोष दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढुरका, फोपशा, आंबट गर निघतो. फळ न कापता साका ओळखण्याची साधी रीत दुकानदाराकडे नाही. बहुतेक विक्रेते हा विषय काढत नाहीत, आणि ग्राहकाने तक्रार केली की “आतले आम्हाला कसे दिसणार?” असे म्हणतात. हेच वाक्य पेटी देताना बोलले तर त्याचा अर्थ पालटतो. “आतला साका आम्हाला दिसत नाही, निघाला तर फोटो पाठवा, तितकी फळे पुढच्या पेटीत देऊ,” असे आधी सांगणाऱ्याची काही फळे जातात खरी. पण त्याचा ग्राहक जात नाही, आणि बारा महिन्यांत जेमतेम दोन महिने चालणाऱ्या धंद्यात पुढच्या वर्षीचा ग्राहक हेच खरे भांडवल असते.

दुसरी गोष्ट पिकण्याची. आंबा साधारण चौदा आणे तयार झाला की उतरवतात आणि पेंढ्याच्या अढीत तो सावकाश पिकतो. गडबडीच्या बाजाराला तेवढा धीर नसतो. कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यास अन्न सुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूचा मर्यादित वापर, १०० पीपीएमपर्यंत, चालतो. जो दुकानदार इथिलीनच्या खोलीत आंबा पिकवतो त्याने तसेच सांगावे. त्यात कमीपणा नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द अढीतल्या आंब्यासाठी राखून ठेवला तर त्या शब्दाला आणि त्या आंब्याला वेगळा भाव मिळेल. सर्वांनाच तो चिकटवला तर कोणालाच मिळणार नाही.

कर्नाटकच्या आंब्याचेही तसेच. एकाच दुकानात दोन ढीग, दोन पाट्या आणि दोन दर ठेवण्यात धंद्याचे नुकसान आहे असे मानणारे बरेच आहेत. त्यांचा हिशेब एका दिवसापुरता बरोबर असेलही. पण ज्या दुकानात ‘कर्नाटक हापूस’ ही पाटी ठळक अक्षरांत दिसते, तेथील ‘रत्नागिरी’ या पाटीवर ग्राहक विश्वास ठेवतो. स्वस्त मालाचे खरे नाव महाग मालाची साक्ष देते. डझनाच्या दराचेही असेच आहे. १८० ग्रॅमच्या आणि २८० ग्रॅमच्या फळाचा डझन एकच नसतो. पाटीवर फळाचे वजन लिहिले की घासाघीस निम्मी होते.

व्हॉट्सॲपवर जो संदेश जातो तो बहुधा आंब्यांच्या चित्रांनी आणि उद्गारचिन्हांनी भरलेला असतो. त्याऐवजी असे चार ओळींचे पत्र गेले तर: “पूर्णगड, तालुका रत्नागिरी येथील बाग. तोड सोमवारी, माल बुधवारी दुकानात. फळ २३० ते २६० ग्रॅम, पेटीत पाच डझन. आज हिरवा आहे, घरी पेंढ्यात ठेवल्यास सुमारे आठवड्याने खाण्याजोगा. साका वा डाग निघाल्यास फळ बदलून मिळेल. यंदा पहिल्या बहराचा माल थोडा आहे, नोंद केलेल्यांना आधी.” यात विशेषण एकही नाही. तरीही हे वाचून गृहिणीला पेटी केव्हा मागवावी, कोठे ठेवावी आणि पाहुणे कोणत्या दिवशी बोलवावेत हे ठरवता येते. मोहर गळाला, अवकाळी पाऊस झाला, माल उशिरा येणार, तर तेही असेच मार्चमध्येच कळवावे. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी “पेटी मिळणार नाही” असे सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपे जाते. त्या दिवशी वर्षीतपाचे पारणे असलेल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ असते, आणि ऐन वेळी हात वर करणारा व्यापारी त्या घराच्या दीर्घकाळ लक्षात राहतो.

हंगामाला अखेरची तारीखही असते. कोकणातील हापूस मे संपता संपता आवरतो. इतर प्रांतांचा आंबा पुढेही येत राहतो. परंतु अनेक श्वेतांबर घरांत आर्द्रा नक्षत्र लागले, म्हणजे जूनची एकवीस-बावीस तारीख आली, की आंबा वर्ज्य होतो. त्या घरांना जुलैत ‘शेवटची संधी’ असा संदेश पाठवणारा दुकानदार आपण ग्राहकाला ओळखत नाही हेच कळवत असतो. यादीतील कोणत्या घरात आर्द्रा पाळतात, कोठे रस आटवून ठेवतात, कोठे मधुमेहामुळे अर्धीच पेटी लागते, हे जुने दुकानदार तोंडपाठ ठेवत. आता ते वहीत लिहिले तरी पुरे.

आणि याच वहीतून एक कागद उलट दिशेने, पूर्णगडला गेला पाहिजे. कोणत्या तारखेच्या तोडीत किती फळे साक्याची निघाली, कोणत्या पेटीत फळ दबले, कोणता माल सर्वांत आधी संपला, एवढीच माहिती. साक्यामागे तापलेल्या जमिनीची धग आणि फळ झाडावर जास्त दिवस राहणे ही कारणे अभ्यासकांनी दाखवली आहेत. झाडाखाली आच्छादन घातल्याने आणि वेळेवर उतरवल्याने तो कमी होतो. मेमधील कातळ पायाला चटके देतो, तेथे ही माहिती फार मोलाची आहे. ती आजवर बागेपर्यंत पोहोचत नव्हती, कारण साका निघतो तो सांगलीच्या जेवणघरात आणि पट्टीवर त्याचा रकाना नसतो. दुकानदाराने पट्टीच्या पाठीवर तारखांसह चार ओळी लिहून पाठवल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात पेंढा कोणत्या कलमांखाली पसरायचा आणि कोणती कलमे आठवडाभर आधी उतरवायची, हे बागायतदाराला आपल्या अंगणातच ठरवता येईल.